खळे की कार्यालय : जयगडच्या एका लग्नमांडवाविषयी संवाद

शहरातील झगमगीत सभागृह टाळून शेतावरच्या जुन्या वास्तूत लग्न लावण्याची आवड आता मराठी कुटुंबांतही दिसू लागली आहे, आणि तिचा नमुना बहुतेक वेळा इंग्लंड-अमेरिकेतील ‘बार्न’ हा असतो. बार्न म्हणजे धान्य, पेंढा आणि गुरे यांच्यासाठी बांधलेली उंच छपराची कोठारवजा इमारत होय. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘जवाचे घर’ असा होता, आणि धान्याच्या अशा अनेक कोठारांत समोरासमोरच्या दोन मोठ्या दारांमध्ये मळणीसाठी कठीण केलेली जमीन राखलेली असे, कारण त्या पावसाळी, थंड हवेत उघड्यावर मळणी करण्याचा भरवसा नसे. कोकणातील ऋतुक्रम याच्या उलट आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळून जातो, आणि भात कापणीला येते तेव्हा आकाश मोकळे होऊ लागलेले असते. म्हणून येथे भाताची झोडणी घरापुढच्या उघड्या, चोपून-सारवून तयार केलेल्या जमिनीवर होत आली. या जमिनीला खळे म्हणतात. पेंढा, अवजारे आणि गुरे यांच्यासाठी कोकणात गोठा असतो, कोठे कोठे वाडीत अथवा शेतात मांगर नावाची लहान खोपवजा इमारतही असते; परंतु ज्या जागेवर धान्य मोकळे होते आणि माणसेही जमतात, ती जागा खळे हीच आहे. त्यामुळे बार्नचे कोकणी रूप शोधू पाहणाऱ्याने छपराखाली न पाहता घराच्या पुढ्यात पाहिले पाहिजे.

लग्न खळ्यात की कार्यालयात, हा प्रश्न जयगडमध्ये विशेष टोकदार होतो. शास्त्री नदीच्या मुखाशी, खाडीवर नजर ठेवणाऱ्या किल्ल्याच्या आश्रयाने वाढलेले हे जुने बंदर; हा किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला, बंदराचे महत्त्व पुढे ओसरत गेले, आणि एकविसाव्या शतकात जेएसडब्ल्यू समूहाचे खोल पाण्याचे बंदर आणि १,२०० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प यांमुळे गावाच्या आसपासची सड्यावरची जमीन, म्हणजे जांभ्या कातळाचे उघडे पठार, वेगळ्याच कारणाने मोलाची ठरली. याच गावात कौलारू घरे वर्षातील बराच काळ कुलूपबंद असतात आणि गणपतीला व शिमग्याला मुंबईहून चाकरमानी आले की उघडतात. लग्न ठरले की अशा घरांपुढे दोन पर्याय उभे राहतात : स्वतःच्या खळ्यात मांडव घालणे, किंवा रत्नागिरी, गणपतीपुळे या बाजूला कार्यालय अथवा हॉटेल ठरवणे.

पुढील संवादातील दोन्ही व्यक्ती प्रातिनिधिक आहेत. काकूंचे सारे आयुष्य जयगडच्या वाडीत गेले आहे, तर पुतणी मुंबईत वाढली असून तिचे सासर खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात ठरले आहे. ज्या व्यक्तीने खळे आयुष्यभर सारवले ती कार्यालयाचा आग्रह धरते, आणि ज्या व्यक्तीने ते बहुधा सुटीतच पाहिले ती खळ्याचा. ही उलटापालट आजच्या कोकणात सर्रास आढळते आणि तिची कारणे विचार करण्याजोगी आहेत.

पुतणी : “काकू, घरापुढे एवढे मोठे खळे असताना पन्नास किलोमीटरवर जाऊन भाड्याच्या सभागृहात लग्न लावण्यात काय अर्थ आहे? पलीकडचे वऱ्हाड तवसाळहून फेरीबोटीने गाड्यांसकट जयगडच्या धक्क्यावर उतरणार, आणि तिथून आपण त्यांना रत्नागिरीला पाठवणार. सीमांतपूजन म्हणजे नवऱ्या मुलाला गावाच्या शिवेवर सामोरे जाऊन त्याचे पूजन करायचे. आता ते कार्यालयातल्या एका खोलीत आदल्या संध्याकाळी उरकतात. आपल्याकडे शीव खरीखुरी आहे, तिच्यावर धक्का आहे, समोर खाडी आहे.”

काकू : “धक्क्यावर उभे राहून पाय धुवायला कोणाची ना नाही, बाय. पण पाय धुवायला पाणी लागते, आणि ते वैशाखात कुठून आणायचे ते सांग. कार्यालयात नळ सोडला की पाणी येते. इथे मार्च उजाडला की विहिरीचा तळ दिसायला लागतो.”

काकूंच्या या उत्तरामागे सड्याचे भूशास्त्र आहे. जांभा हा सच्छिद्र दगड आहे. १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तात फ्रान्सिस ब्युकॅनन या स्कॉटिश सर्वेक्षकाने केरळातील या दगडाची शास्त्रीय नोंद केली तेव्हा, ओला असताना लोखंडी हत्याराने कापता येणारा आणि हवा लागली की कठीण होणारा हा दगड बांधकामाला किती सोयीचा आहे, याकडे त्याने लक्ष वेधले होते. ज्या सच्छिद्रपणामुळे चिरा, म्हणजे जांभ्याचा घडीव ठोकळा, सहज निघतो, त्याच गुणामुळे पावसाचे पाणी कातळात टिकत नाही, ते झिरपून उतारांवरून खाडीला आणि समुद्राला मिळते. ज्या प्रदेशात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो तेथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, याचे मुख्य कारण हेच. लग्नसराईचा जोर मात्र नेमका वैशाखात असतो, कारण शाळांना सुटी असते आणि चाकरमान्यांना रजा मिळते. आषाढ शुद्ध एकादशीपासून चातुर्मास सुरू होतो आणि तुळशीच्या लग्नापर्यंत विवाहाचे मुहूर्त सहसा धरले जात नाहीत, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये सगळ्यांची एकच गर्दी उसळते.

पुतणी : “मग मार्गशीर्षात करू. तेव्हा विहीर भरलेली असते, हवा गार असते आणि खळे झोडणीसाठी नुकतेच केलेले असते. कार्तिकात घरोघरच्या खळ्यात तुळशीचे लग्न लागते, म्हणजे वर्षातले पहिले लग्न खळेच लावते. त्यानंतर आपले लागले तर त्यात कोणती अडचण आहे? मे महिन्यात पाण्याचाच नव्हे, वाऱ्याचाही भरवसा उरलेला नाही.”

वाऱ्याविषयीचे तिचे म्हणणे ग्राह्य आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून सरकले, आणि त्याच्या आदल्या वर्षी ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावर येताना दापोली-मंडणगडकडील बागा आडव्या केल्या. उघड्या खळ्यातील मांडवाला पाऊस सुरू होण्यापूर्वीचा पंधरवडा आता पूर्वीइतका निर्धास्त राहिलेला नाही, आणि ज्यांना खळ्यातच कार्य करायचे आहे त्यांनी तिथी पाहण्यापूर्वी ऋतू पाहावा, हे येथे आग्रहाने नोंदवले पाहिजे.

काकू : “मार्गशीर्षात खळे तयार असते म्हणतेस. तयार असते म्हणजे ते आपोआप होत नाही. कोण करते ते?”

हा प्रश्न वादाच्या केंद्रस्थानी आहे, म्हणून खळे कसे होते हे जवळून पाहणे आवश्यक आहे. पावसाळ्यात खळ्याच्या जमिनीवर शेवाळ आणि गवत माजते, पागोळ्यांनी, म्हणजे कौलांवरून पडणाऱ्या धारांनी, कडेला चर पडतात आणि मातीचा वरचा थर वाहून जातो. पाऊस ओसरला की ते गवत खुरप्याने आणि पावड्याने तासून काढावे लागते, उतारावरून आणलेली तांबडी माती पसरून तिच्यावर पाणी शिंपडावे लागते, आणि मग लाकडी चोपण्याने, ज्याचा तळ सपाट व जड असतो, ती माती इंच इंच ठोकून बसवावी लागते. हे काम ओणव्याने आणि लयीत होते, कारण मध्येच थांबले तर अर्धवट सुकलेल्या मातीला भेगा जातात. त्यानंतर शेण पाण्यात कालवून पहिला हात फिरवतात, तो वाळून तडकला की दुसरा फिरवतात. सारवणारी बाई मागे मागे सरकत जाते आणि तिच्या हाताचे अर्धगोल एकमेकांत गुंतत जातात, त्यामुळे पूर्ण झालेल्या खळ्यावर तिरपे ऊन पडले की त्या हाताची पुसटशी नक्षी दिसते. मग मांडवाचे खांब येतात, जे दरवर्षी त्याच खड्ड्यांत रोवले जातात. त्यांच्यावर बांबूचे आडवे वासे आणि वाशांवर झाप, म्हणजे माडाची झावळ मधून चिरून तिची पाती एकाआड एक विणून केलेले तट्टे, सुंभाने बांधतात. झापांतून गाळून आलेल्या उजेडाचे कवडसे सारवलेल्या जमिनीवर हलू लागले, की त्या जागेला जी शोभा येते ती विकत आणलेल्या कापडी छताला येत नाही. पुतणीला ज्याची ओढ आहे ते हेच दृश्य होय. काकूंना मात्र त्या दृश्याआधीचे पंधरा दिवस आठवतात.

पुतणी : “पूर्वी हे सगळे वाडीच मिळून करत होती ना? बाबा सांगतात, लग्न एका घरी आणि लगबग सगळ्या घरांत. पुरुष मांडवाला, बायका सारवणाला आणि वाटणाला, आणि जाते-मुसळापुढे घाणा भरताना म्हटलेल्या ओव्या. कार्यालयात आपण पाहुण्यांसारखे जातो आणि पाहुण्यांसारखे परत येतो.”

काकू : “करत होती. पण त्याला सावड म्हणतात. आज तुझ्या खळ्यात चार दिवस राबले, तर माझ्या लावणीला तुझ्या घरची चार माणसे चार दिवस वाकली पाहिजेत. सावड फेडायची असते. तुझे बाबा गेल्या वीस वर्षांत कोणाच्या लावणीला आले? उद्या वाडीतल्या बायकांना कोणत्या तोंडाने सांगायचे, की चला, पोरीला जुन्या पद्धतीचे लग्न हवे आहे, तेव्हा दोन दिवस शेणाचा हात फिरवा?”

येथे काकूंनी ज्या शब्दाकडे लक्ष वेधले तो शब्द या विषयावरील बहुतेक चर्चेत गाळला जातो. सावड म्हणजे श्रमाची उसनवारी. तिच्यात पैसा नसतो, परंतु हिशेब असतो, आणि तो हिशेब पाळणारी माणसे एकाच जागी राहतात या गृहीतावर ती उभी असते. एक पक्ष गाव सोडून गेला की सावड एका बाजूने थांबते, आणि त्यानंतर मागितलेले श्रम ही सावड राहत नाही. ज्याला ग्रामीण साधेपणा म्हणून गौरवले जाते त्याच्या मागे परतफेडीचे एवढे कडक शास्त्र होते, याची जाणीव ठेवली तरच खळ्यातील लग्नाचा आग्रह न्याय्य ठरतो. त्यातही श्रमाचा अवघड वाटा बायकांकडे होता. मांडव घालणारा पुरुष संध्याकाळी मोकळा होई, परंतु सारवण, पाणी, वाटण, शेकडो माणसांची भांडी आणि मांडवपरतणीनंतरची झाडलोट यांतून बाईची सुटका होत नसे, आणि लग्न स्वतःच्या मुलीचे असले तरी तिला मंगलाष्टके बहुधा स्वयंपाकाच्या जागेवरून ऐकावी लागत. भाड्याच्या कार्यालयाने कोकणातील मध्यम वयाच्या बाईला काय दिले, याचे उत्तर खुर्ची असे आहे. या लाभाला कमी लेखणे योग्य नव्हे.

काकूंचा पुढचा मुद्दा पंगतीचा आहे, आणि तो त्यांनी जपून मांडला.

काकू : “आणखी एक सांगते, हे तुला बाबा सांगणार नाहीत. खळ्याला कडा असते. कोण ओटीवर येणार, कोण पडवीपर्यंत, कोण खळ्याच्या कडेला आणि कोण गडग्याच्या बाहेर, हे आधीच्या पिढीत ठरलेले असे. कार्यालयात दारातून आत आलेला माणूस कुठेही बसतो.”

गडगा म्हणजे चुना-मातीविना रचलेली दगडांची बुटकी भिंत. ती गुरे अडवण्यासाठी असते, परंतु तिने माणसेही अडवली आहेत. रत्नागिरी जिल्ह्याला हा इतिहास परका नाही. स्थानबद्धतेच्या काळात सावरकरांनी रत्नागिरीत सहभोजनांवर भर दिला आणि भागोजीशेठ कीर यांच्या देणगीतून १९३१ मध्ये सर्वांना खुले असलेले पतितपावन मंदिर उभे राहिले, याचा अर्थच असा, की एका पंगतीला बसणे ही त्या समाजात साधी गोष्ट नव्हती. खळ्याचा गौरव करताना ही कडा लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. पुतणीने ती लपवली नाही.

पुतणी : “मग ती कडा आपणच पुसू. खळ्यात एकच पंगत, ओटीवर कोणासाठीही वेगळी पाने नाहीत, आणि आमंत्रण सगळ्या वाड्यांना, मोहल्ल्यालाही. कार्यालयात भेद दिसत नाही कारण तिथे आपले कोणीच नसते. घराच्या खळ्यात एकत्र बसलो तर ते सगळ्यांच्या लक्षात राहील.”

काकूंनी यावर काही वेळ उत्तर दिले नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते संपूर्ण वादात पुतणीचे सर्वांत वजनदार विधान हेच आहे, कारण सभागृहातील समता ही भाड्याने मिळते आणि भाडे संपले की संपते, उलट स्वतःच्या उंबऱ्यापुढे घातलेली पंगत त्या घराला पुढेही बांधून ठेवते.

कायद्याच्या दृष्टीने जागेचा प्रश्न येथे उपस्थितच होत नाही, ही बाब बार्नच्या तुलनेत लक्षणीय आहे. इंग्लंडमध्ये काही अपवाद सोडता लग्न चर्चमध्ये, अन्य नोंदणीकृत प्रार्थनास्थळात किंवा निबंधकाच्या कार्यालयात लावावे लागे. १९९४ च्या विवाह कायद्याने इतर मान्यताप्राप्त इमारतींत विवाह लावण्याची मुभा दिली, आणि त्यानंतरच जुनी कोठारे हा लग्नाच्या जागांचा मोठा व्यवसाय बनू शकला. भारतातील १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे सातवे कलम विधी पाहते, वास्तू पाहत नाही. जेथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो, ते पाऊल गालिच्यावर पडले की शेणाच्या सारवणावर, याने फरक पडत नाही. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निर्णयात विधींविना केवळ प्रमाणपत्राने हिंदू विवाह सिद्ध होत नाही असे स्पष्ट केले आणि लग्नाकडे नाचगाण्याचा व खाण्यापिण्याचा प्रसंग म्हणून पाहू नये असेही सुनावले. कोकणातील खळ्याला कोणाच्या मान्यतेची गरज कधीच पडली नाही. म्हणून त्याला ‘व्हेन्यू’ म्हणून नव्याने शोधून काढावे लागते हीच खेदाची गोष्ट आहे.

काकू : “तसा तो मांगरवाला व्यवसायही आता आला आहे. शेतावर मातीच्या भिंती, वर गवत, आत एसी. तिथे जा, सगळे मिळेल.”

पुतणी : “ते नको. त्या मांगरात कधी पेंढाही नव्हता आणि गुरेही नव्हती.”

या झटकन दिलेल्या उत्तरात थोडा अन्याय आहे. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण स्वीकारल्यानंतर शेतकरी कुटुंबांना निवास आणि भोजन यांतून जोडउत्पन्नाचा मार्ग अधिक मोकळा झाला, आणि एखाद्या शेतकऱ्याने आपला जुना मांगर दुरुस्त करून लग्नाला दिला, तर त्यात गैर काही नाही. पेंढ्यापेक्षा भाडे अधिक मिळत असेल तर त्याला पेंढाच ठेव असे सांगण्याचा अधिकार मुंबईकराला नाही. आक्षेप घ्यायचा तो केवळ देखाव्यासाठी कातळ फोडून नवी ‘जुनी’ इमारत उभी करण्याला घ्यावा. रत्नागिरीच्या सड्यांवर कातळशिल्पे, म्हणजे जांभ्याच्या पृष्ठभागावर कोरलेल्या प्रागैतिहासिक आकृती, विखुरलेल्या आहेत, त्यांतील काही स्थळे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली; सड्यावर वाहनतळासाठी जमीन सपाट करणाऱ्या यंत्राला त्या आकृती दिसत नाहीत. किल्ल्यांबाबतही हाच धडा मिळालेला आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये राज्यातील काही किल्ले हॉटेल आणि विवाहसमारंभ यांसाठी देण्याची बातमी आली तेव्हा लोकांनी जो संताप व्यक्त केला, तो लग्नाविरुद्ध नव्हता.

यानंतर संवाद तपशिलांवर आला, आणि तेथे दोघींचे अंतर कमी होत गेले. घरात शौचालये दोनच असल्याने तात्पुरती सोय करावी लागेल आणि पाहुणे दीडशेच्या वर जाता कामा नयेत, हे पुतणीने मान्य केले. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांची मनाई आहे आणि फेरीबोटही रात्रभर चालत नाही, तेव्हा गोरज मुहूर्ताऐवजी सकाळचा धरावा, हे तिला काकूंनी पटवले. थर्माकोलच्या पत्रावळींवर राज्यात २०१८ पासून बंदी असल्याने आणि केळी परसातच असल्याने पानांचा प्रश्न एका वाक्यात सुटला. काळ्या वाटाण्याची आमटी, फणसाची भाजी मिळाली तर ती, वरण-भात, लापशी आणि सोलकढी यांवर दुमत झाले नाही. मार्गशीर्षात फणस मिळत नाही याची आठवण काकूंनी करून दिली. सारवण आणि वाटण यांना बाहेरच्या मजुरीइतकी रोख मजुरी द्यायची, आणि भांडी घासण्याचे काम वाडीतील बायकांना न सांगता आचाऱ्याच्या करारात घालायचे, ही अट मात्र काकूंनी दोनदा वदवून घेतली.

काकू : “मजुरीने काम होईल. पण मजुरी दिली म्हणजे सावड फिटली असे समजू नकोस. मुहूर्तमेढ रोवायला, देवक बसवायला, गाऱ्हाणे घालायला जी माणसे येतील ती मजुरीवर येणार नाहीत.”

मुहूर्तमेढ म्हणजे मांडवाचा पहिला, विधिपूर्वक रोवलेला खांब. देवक म्हणजे कुळाचे रक्षक चिन्ह, ज्याची लग्नाआधी स्थापना होते. आणि गाऱ्हाणे म्हणजे गावच्या जाणत्याने ग्रामदेवतेला घातलेले साकडे, ज्यात कार्य निर्विघ्न व्हावे अशी सर्वांच्या वतीने विनंती असते. या तिन्हींना माणूस लागतो तो गावातलाच.

पुतणी : “मग ती कशी फेडायची, काकू?”

काकू : “लग्न झाल्यावर मांडव मेपर्यंत राहू दे. पावसाच्या तोंडावर तो उतरवायचा, आणि त्यातले चांगले राहिलेले झाप पडवीच्या उघड्या बाजूला झड अडवायला बांधायचे. गेली काही वर्षे या घराला झाप बांधलेले नाहीत, कारण आत कोणी नसते. तेवढ्यासाठी जूनमध्ये दोघांनी या. झाप बांधून झाले की खालच्या मळ्यात लावणी सुरू होते, तिथे चार दिवस उभी राहा. चिखलात साडी नको, मुंबईचे कपडे चालतील.”

पुतणीने फेरीबोटीच्या पावसाळी वेळा विचारल्या. काकू खळ्याच्या कोपऱ्यातील मांडवाच्या जुन्या खड्ड्यावर ठेवलेला चिरा पायाने बाजूला सारून आतली माती किती भरली आहे ते पाहू लागल्या.